शिक्षा लागल्यावर अपिलाची मुदत कशी मोजायची: मुंबईत पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

फौजदारी खटल्यात घरातल्या माणसाला शिक्षा लागली की कोर्टाच्या व्हरांड्यातच नातेवाइकांची चर्चा सुरू होते. हायकोर्टातला कोण वकील चांगला, फी किती घेईल, कुणाची ओळख निघते का, गावाहून काका आल्यावर ठरवू का. हे सगळं बोलावंच लागतं. पण तोपर्यंत मुदतीचं घड्याळ सुरू झालेलं असतं आणि ते काकांसाठी थांबत नाही. म्हणून ‘वकील कोण?’ याआधी ‘आजपासून किती दिवस?’ हा प्रश्न विचारायला हवा. त्याचं उत्तर पक्षकाराला स्वतः, कॅलेंडर आणि पेन घेऊन काढता येतं. ते कसं काढायचं ते इथे सांगतो. अपिलात मुद्दे काय घ्यायचे हे वकिलाचं काम, त्यात मी शिरत नाही.

निकालाच्या दिवशी, कोर्टातून बाहेर पडण्याआधी

त्या दिवशी दोन कामं होतात आणि दोन्ही उद्यावर टाकू नयेत.

पहिलं काम शिक्षा तात्पुरती थांबवण्याचं. आरोपी खटल्यात जामिनावर असेल आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल, किंवा गुन्हाच जामीनपात्र असेल, तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाकडे अर्ज करता येतो. अपील करायचं आहे, तोवर जामिनावर सोडा, एवढंच त्यात म्हणायचं असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० मध्ये ही तरतूद आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३८९ होतं आणि बरेच वकील अजून सवयीने तोच आकडा बोलतात. अर्ज लगेच द्यायचा असतो, म्हणून निकालाच्या तारखेला जामीनदार, त्याची कागदपत्रं आणि दंडाची रक्कम सोबत असलेली बरी. निकाल काय लागेल ते आधी कळत नाही हे खरं. पण तयारी करून गेलो आणि माणूस सुटला तर बिघडत काहीच नाही. उलट झालं तर संध्याकाळी आरोपी थेट आर्थर रोडला किंवा भायखळ्याच्या जेलमध्ये जातो, आणि मग वरच्या कोर्टाचा आदेश येईपर्यंत बाहेर येत नाही. दंड भरला तर त्याची पावती जपून ठेवा, अपिलात ती लागते.

इथेच नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ होतो. मॅजिस्ट्रेट साहेब शिक्षा थांबवताना समजा ३० दिवस देतात. लोक त्यालाच अपिलाची मुदत समजतात. ती अपिलाची मुदत नव्हे. तेवढे दिवस आरोपीला आत जावं लागणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. अपिलाची मुदत कायद्याने ठरलेली असते, कुठल्याही साहेबांच्या आदेशाने नाही. नकलेचे, म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस वजा होऊन अपिलाची मुदत कधीकधी पुढे सरकते, पण जामिनाची तारीख आपोआप सरकत नाही. म्हणजे अपील मुदतीत आहे, पण आरोपीचा जामीन कालच संपला, असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहा. जामिनाची तारीख आधी येत असेल तर त्याआधीच अपील दाखल करून वरच्या कोर्टातून शिक्षा स्थगितीचा आदेश घ्या, नाहीतर खालच्या कोर्टात मुदतवाढीचा अर्ज द्या.

दुसरं काम नकलेचं. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज लावायचा. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत कोर्टाने लगेच आणि मोफत द्यायची असते, त्याच संहितेच्या कलम ४०४ मध्ये तसं लिहिलेलं आहे. ती मागून घ्या, संकोच करू नका. तरी नकलेचा वेगळा अर्जही त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावावा. तो का, ते मोजणीत कळेल.

कुठल्या कोर्टात, किती दिवसांत

मुदती मुदत कायदा, १९६३ च्या परिशिष्टात आहेत. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली तरी या मुदती बदललेल्या नाहीत. गंमत म्हणजे परिशिष्टात अजूनही १८९८ च्या फौजदारी संहितेचाच उल्लेख आहे. त्याने बिचकू नका, तो आजच्या संहितेला लावूनच वाचतात.

मॅजिस्ट्रेट कोर्टाने शिक्षा दिली असेल, म्हणजे किल्ला कोर्ट, गिरगाव, भोईवाडा, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, मुलुंड यांपैकी कुठलंही, तर अपील सत्र न्यायालयात जातं. मुदत ३० दिवस. मुंबईचं सत्र न्यायालय मुख्यतः फोर्टला, हायकोर्टाच्या शेजारी, जुन्या सचिवालयाच्या इमारतीत आहे. उपनगरांतल्या बऱ्याच प्रकरणांसाठी दिंडोशीला जावं लागतं. आपल्या कोर्टाचं अपील फोर्टला लागतं की दिंडोशीला, हे शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या शिरस्तेदाराला, म्हणजे तिथल्या मुख्य कारकुनाला, निकालाच्या दिवशीच विचारा, तो एका वाक्यात सांगेल.

सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल तर अपील हायकोर्टात आणि मुदत ६० दिवस. पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), एनडीपीएस (अमली पदार्थ), लाचलुचपत अशी विशेष कोर्टं सत्र न्यायालयाच्या दर्जाचीच असतात, त्यामुळे तिथून अपील हायकोर्टातच जातं. फाशीची शिक्षा असेल तर मुदत फक्त ३० दिवस. फाशी कायम करायला प्रकरण तसंही हायकोर्टात पाठवावं लागतंच, पण म्हणून आरोपीचं अपील करायचं राहू देऊ नये. फाशी देणाऱ्या कोर्टाने अपिलाची मुदत आरोपीला सांगायची असते, असं कायदाच म्हणतो.

विशेष कायद्याखालची केस असेल तर आधी त्या कायद्यात बघा, परिशिष्टातले ६० दिवस गृहीत धरू नका. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, त्याखाली अपील हायकोर्टात आहे, पण ३० दिवसांत. एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्याखालीही ३० दिवस, शिवाय ९० दिवसांनंतर अपील घेऊ नये अशी तरतूद. ९० दिवस उलटले तरी विलंब माफ करता येतो, असं मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये म्हटलं, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४अ मध्ये ९० दिवस आहेत, आणि तिथे जामीन नाकारल्याविरुद्धही अर्ज नव्हे, अपीलच करावं लागतं. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस. ते मात्र आदेश पक्षकारांच्या हाती पडल्यापासून मोजतात, दोघांपैकी ज्याच्या हाती नंतर पडला त्या तारखेपासून.

काही निकालांवर अपीलच नसतं. मॅजिस्ट्रेटने फक्त १०० रुपयांपर्यंत दंड केला असेल, किंवा सत्र न्यायालयाने ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड दिला असेल, तर अपील नाही. आरोपीने स्वतः गुन्हा कबूल केला असेल तर फक्त शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा आहे एवढ्यापुरतंच अपील चालतं. ‘कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ असा सल्ला मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या बाहेर फुकट मिळतो. देणाऱ्याला हे कलम माहीत असतंच असं नाही.

मोजणी

मुदत शिक्षेच्या तारखेपासून चालते. अनेकदा शुक्रवारी दोषी ठरवतात आणि शिक्षेवर ऐकणं सोमवारी होतं. अशा वेळी सोमवारपासून मोजायचं. ज्या दिवशी शिक्षा सुनावली तो दिवस धरायचा नाही, दुसरा दिवस हा पहिला दिवस. आणि ३० दिवस म्हणजे ३० दिवसच, एक महिना नाही. ३१ दिवसांच्या महिन्यात हा एक दिवस लोकांना नडतो.

एक उदाहरण घेऊ. कुर्ल्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने सोमवारी, ९ जून २०२५ रोजी शिक्षा दिली. १० जून हा पहिला दिवस. जूनचे २१ दिवस झाले, उरले ९. म्हणजे तिसावा दिवस ९ जुलै. हेच प्रकरण सत्र न्यायालयातून हायकोर्टात जाणारं असतं तर जूनचे २१, जुलैचे ३१ मिळून ५२, आणि साठावा दिवस ८ ऑगस्ट.

आता नकलेचे दिवस. प्रमाणित प्रत मिळवायला जेवढा वेळ खरोखर लागला, तो मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोजणीतून वगळतात. समजा १२ जूनला नकलेचा अर्ज केला आणि प्रत २० जूनला तयार झाली. दोन्ही दिवस धरले तर ९ दिवस. ९ जुलैला ते जोडले की शेवटची तारीख १८ जुलै.

हे ९ दिवस कुठून आले ते नकलेवरच दिसतं. प्रमाणित प्रत हाती आली की आधी मजकूर वाचू नका, शिक्का शोधा, बहुधा शेवटच्या पानावर असतो. त्यात हाताने भरलेल्या तारखा असतात: अर्ज कधी आला, प्रत कधी तयार झाली, प्रत कधी दिली. कधीकधी पैसे कधी भरायला सांगितले आणि कधी भरले तेही असतं. अक्षर बऱ्याचदा लागत नाही. १ आणि ७ यांतला फरक तिथेच उभं राहून नकल विभागातल्या माणसाला विचारून घ्या. अपील दाखल करताना वरच्या कोर्टाचा कारकून हाच शिक्का बघून मुदत मोजतो.

या शिक्क्यातल्या तारखांत कुठला वेळ वगळला जातो आणि कुठला नाही, ही सगळी मेख आहे. निकाल ९ जूनला लागला आणि अर्ज १२ला केला, तर मधले दिवस तुमच्या खात्यातून गेले. प्रत २० जूनला तयार होती आणि तुम्ही ३० तारखेला घ्यायला गेलात, तर मधले १० दिवसही तुमचेच गेले. ‘कॉपी ३०ला मिळाली’ हे म्हणणं चालत नाही, शिक्क्यावर तयार झाल्याची तारीख २० आहे. नकलेचे पैसे भरायला उशीर केला तर तोही तुमच्याच माथी. म्हणून नकलेचा अर्ज लावल्यावर दर दोन दिवसांनी कुणीतरी जाऊन विचारून यायचं. घरात ज्याला सुट्टी मिळते त्याच्याकडे हे काम सोपवा आणि अर्जाचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये ठेवा.

एक सावधगिरी. मोफत प्रत निकालाच्याच दिवशी मिळाली असेल, तर नकलेचे दिवस वजा धरून निवांत बसू नका. कागद हातात असताना वेळ कशाला लागला, असा वाद समोरचा घालू शकतो. अशा वेळी साधे ३० किंवा ६० दिवस धरून चाला आणि नकलेचे दिवस अडीनडीला राखून ठेवा.

शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी अपील दाखल करता येतं. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ यांत हा प्रश्न येतो. पण सुट्टीतही कोर्टाचं कार्यालय काही दिवस, काही तास उघडं असू शकतं. ते उघडं होतं तर कोर्ट बंद होतं असं म्हणणं अवघड जातं. आणि मधल्या सुट्ट्या वजा होत नाहीत, फक्त शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरच फायदा. गणपतीला कोकणात गेलो होतो म्हणून ५ दिवस राहिले, हे कायद्याला मान्य नाही.

निकाल बहुतेक वेळा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवरही दिसतो. सीएनआर नंबर टाका, तो प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक, १६ अक्षरांचा असतो, की प्रकरण उघडतं. तिथून उतरवलेली प्रत प्रमाणित नाही, पण नवीन वकिलाला त्याच रात्री वाचायला देता येते आणि मसुदा सुरू होतो. वेळ वाचवायला याहून चांगली सोय नाही.

दाखल करताना

अपिलाचा अर्ज, निकालाची प्रत, वकालतनामा, शिक्षा स्थगितीचा वेगळा अर्ज, दंड भरल्याची पावती, आणि उशीर असेल तर विलंब माफीचा अर्ज. साधारण एवढं लागतं. यातला शिक्षा स्थगितीचा अर्ज विसरणारे कमी नाहीत. अपील दाखल केलं म्हणजे शिक्षा थांबली, असं होत नाही. ती थांबवायला वरच्या कोर्टाचा वेगळा आदेश लागतो. मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षांहून कमी नाही अशा कैदेस पात्र गुन्हा असेल तर जामीन देण्याआधी सरकारी वकिलाला लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, त्यात तारखा जातात.

प्रमाणित प्रत अजून आलेली नाही आणि मुदत संपत आली आहे, तर अपील अडवून ठेवू नका. अपिलासोबत निकालाची प्रत हवी असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२३ म्हणतं, पण कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तर. म्हणजे साधी प्रत लावून, प्रमाणित प्रत नंतर देण्याची परवानगी मागून अपील दाखल करता येतं.

दाखल झालं की फायलिंग नंबर मिळतो. हायकोर्टात त्याला स्टॅम्प नंबर म्हणतात. वकील ‘केस टाकली’ म्हणाला एवढ्यावर समाधान मानू नका, हा नंबर मागा आणि ऑनलाइन बघा. यात वकिलावर अविश्वास नाही. सांगायला त्याचा अर्धा मिनिट जातो आणि तुमची झोप परत येते.

मग हरकती येतात. कार्यालय फाइल तपासून हरकतींची यादी काढतं: झेरॉक्स वाचता येत नाही, पान क्रमांक चुकले, अनुक्रमणिका नाही, मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं नाही. हायकोर्टात ही शेवटची हरकत हमखास येते, कारण पंचनामा आणि जबाब मराठीत असतात. हरकती दूर होईपर्यंत प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागायला अडतं. ठरलेल्या वेळेत दूर केल्या नाहीत तर अपील त्याच कारणाने फेटाळलंही जाऊ शकतं. पक्षकार सहा महिने ‘तारीख कधी?’ विचारत राहतो आणि फाइल मात्र हरकतींसाठी तशीच पडून असते, असं घडतं. भाषांतराचं काम मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी द्या, ते स्वस्तही नाही आणि झटपटही होत नाही.

चेक बाउन्सच्या केसेस मुंबईत एवढ्या आहेत की त्यांचं वेगळं सांगायला हवं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली शिक्षा झाली की अपील सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. पण २०१८ पासून त्याच कायद्याचं कलम १४८ लागू आहे. दंडाच्या किंवा भरपाईच्या निदान २० टक्के रक्कम भरायला अपील कोर्ट सांगू शकतं, ६० दिवसांत, आणि कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस मिळतात. १० लाखांची भरपाई असेल तर २ लाख. अपवादात्मक परिस्थितीत ही अट सोडता येते, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तो अपवाद मागावा लागतो आणि कारण द्यावं लागतं. पैशांची जुळवाजुळव अपिलाच्या तयारीसोबतच करा.

आरोपी जेलमध्ये असेल तर

आत असलेल्या माणसाला बाहेर कुणी नसलं तरी अपील करता येतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे तो अपिलाचा अर्ज जेलच्या अधिकाऱ्याकडे देतो आणि जेल तो योग्य कोर्टाकडे पाठवतं. जेल अपील म्हणतात ते हेच. अर्ज दिल्याची तारीख असलेली पोच आरोपीने मागून घ्यावी. शिक्षा लागल्यावर माणसाला मुंबईहून येरवड्याला किंवा नाशिकरोडला हलवतात, त्यात कागद इकडे तिकडे होतात. भेटीला जाणाऱ्याने ‘अपील दिलंस का, कधी दिलंस?’ हे पहिल्याच भेटीत विचारावं.

वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातली ही तरतूद आहे. हायकोर्टाची स्वतःची समिती आहे, सत्र न्यायालयांसाठी जिल्हा प्राधिकरण आहे आणि १५१०० हा मदतीचा फोन देशभर चालतो. मोफत वकील म्हणजे कमी दर्जाचा वकील, हा समज मला पटत नाही. मात्र त्याच्याकडेही फायलिंग नंबर मागायचाच.

उशीर झालाच तर

मुदत कायद्याचं कलम ५ आहे. पुरेसं कारण दाखवलं तर विलंब माफ होतो. विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत, प्रतिज्ञापत्रासह द्यायचा आणि त्यात किती दिवस उशीर झाला ते नेमकं लिहायचं. ‘साधारण दोन महिने’ नाही, ‘६३ दिवस’. प्रत्येक दिवसाचा हिशोब मागण्याचा हट्ट अतिरेकाला नेऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात म्हटलं आहे. कोर्टं माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न असला की सहसा उदार असतात, आरोपी जेलमध्ये असेल तर जास्तच. पण अर्ज लिहिताना ही उदारता गृहीत धरू नये.

कारणं खरी आणि कागदासह द्या. दवाखान्यातून सोडल्याचा कागद, घरातल्या मृत्यूचा दाखला, जेल बदलल्याची तारीख, जुन्या वकिलाने फाइल कधी परत दिली त्याचा मेसेज. कधी काय झालं ते तारखेच्या क्रमाने मांडा. ‘अर्जदार गरीब व अशिक्षित असून कायद्याचे ज्ञान नाही’ हे वाक्य प्रत्येक अर्जात तसंच्या तसं असतं, आणि त्याखाली पदवीधर माणसाची सही असते. जजसाहेब रोज असे अर्ज वाचतात.

मार्च २०२० नंतरच्या काळातलं जुनं प्रकरण असेल तर आणखी एक गोष्ट बघा. कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने दिला होता. त्या काळात संपलेली मुदत मोजताना तो वजा होतो.

रिव्हिजन, आणि सुटका झाल्यावर

अपील नसेल तिथे रिव्हिजन, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश कायद्याला धरून आहे का हे वरच्या कोर्टाने तपासणं, असू शकतं. मुदत ९० दिवस, सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टात. पण अपिलाचा मार्ग असताना तो सोडून रिव्हिजन करता येत नाही. ‘३० दिवस गेले, आता ९० दिवसांत रिव्हिजन टाकू’ ही पळवाट चालत नाही, तिथे विलंब माफीचाच अर्ज करावा लागतो. आणि खटला चालू असतानाच्या किरकोळ अंतरिम आदेशांवर रिव्हिजन होत नाही.

निर्दोष सुटका झाली तरी घरच्यांनी लगेच सगळं विसरू नये. सरकारला सुटकेविरुद्ध अपील करायला ९० दिवस आहेत. म्हणून तर खटला संपण्याआधी, वरच्या कोर्टाने बोलावलं तर हजर राहीन, असा जामिनाचा बॉण्ड लिहून घेतात. तो ६ महिने चालतो, तोवर जामीनदाराला पत्ता बदलल्याचं कळवत राहा. खाजगी फिर्यादीवरची केस असेल तर फिर्यादीला हायकोर्टाकडे खास परवानगी मागावी लागते, मुदत ६० दिवस. फिर्यादी सरकारी नोकर असेल तर ६ महिने.

आणि तुम्ही पीडित असाल तर? २००९ च्या अखेरीपासून पीडिताला स्वतःचा अपिलाचा हक्क आहे, आज तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला शेवटी जोडलेल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या भागात, आहे. त्यासाठी परवानगी लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ठरवलं. चेक बाउन्समधला फिर्यादीही पीडितच, असं २०२५ मध्ये म्हटलं, त्यामुळे त्यालाही हा मार्ग मोकळा झाला. पण परंतुकात मुदतीचा आकडाच लिहिलेला नाही. म्हणून पीडिताने सगळ्यात लहान मुदत, म्हणजे ३० दिवस, हीच आपली समजून चालावं. आरोपीच्या तुलनेत पीडिताला निकालाची बातमी उशिरा लागते, कारण तो प्रत्येक तारखेला कोर्टात नसतो. सीएनआर नंबर घेऊन ठेवा आणि युक्तिवाद संपला की दर आठवड्याला ॲप उघडा.

हायकोर्टानंतर

हायकोर्टाने अपील फेटाळलं तर सुप्रीम कोर्टात विशेष परवानगीची याचिका, साधारण ९० दिवसांत, फाशीच्या प्रकरणात ६० दिवसांत. शिक्षा भोगायला हजर होण्यासाठी हायकोर्टाने दिलेली मुदत इथेही वेगळी मोजायची. ४ आठवड्यांत हजर व्हा असा आदेश असेल आणि ९० दिवस बाकी आहेत म्हणून कुणी थांबला, तर पोलीस वॉरंट घेऊन येतील.

अपील चालू असताना अपील करणारा वारला तरी शिक्षेचा डाग पुसण्याचा मार्ग बंद होत नाही. कैदेच्या किंवा फाशीच्या शिक्षेविरुद्धचं अपील असेल तर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं-नातवंडं, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणीही ते पुढे चालवण्याची परवानगी मागू शकतं. त्याची मुदत मृत्यूपासून ३० दिवस. दिवसकार्य आटोपेपर्यंत त्यातला निम्मा काळ गेलेला असतो, म्हणून मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत वकिलाकडे लगेच पोचवावी.